समोरचा विकणारा

सोमवार, ३

वही उघडली आहे, कारण दुसऱ्या कुणाशी बोलता येणार नाही. सकाळी सरांनी आत बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि नेहमीसारखी एक चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर तीन ओळी होत्या. सुयांची कंपनी. दीड लाख शेअर. एकशे पंचेचाळीसच्या वर नाही. मग म्हणाले, "सत्तावीस तारखेला त्यांचे नफ्याचे आकडे जाहीर होणार. त्याच्या आत आपल्याकडे हवेत. घरीसुद्धा बोलू नकोस." एखादी गोष्ट पोटात ठेवायची म्हटलं की मला अपचन होतं. म्हणून हा उद्योग.

परवा भाचीने विचारलं, "मावशी, तू ऑफिसात नक्की करतेस काय?" मी सांगितलं, आम्ही असे शेअर घेतो ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण ज्यांच्यात दम असतो. स्वस्तात घ्यायचे आणि वर्षानुवर्षं सांभाळायचे. ते शोधायचं काम दुर्बीणचं (आमचा विश्लेषक, जाड भिंगांचा चष्मा आणि बोलणं नेहमी पाच वर्षांपुढचं). ठरवायचं काम सरांचं. आणि बाजारात जाऊन कुणाला पत्ता न लागू देता घेऊन यायचं काम माझं, मुख्य ट्रेडरचं. भाची म्हणाली, "म्हणजे तू खरेदीला जातेस." हो, बाई. पगार घेऊन खरेदीला जाते.

या शेअरचे दिवसाला जेमतेम पाच-सहा हजार विकले-घेतले जातात. दीड लाख एकदम मागितले तर दुपारपर्यंत भाव दोनशेवर जाईल आणि सर मला खिडकीतून खाली टाकतील. थोडे थोडे, तोंड लपवून घ्यायचे आहेत. गंमत म्हणजे हीच कंपनी दहा वर्षांपूर्वी मास्तरांनी सरांना सुचवली होती. मास्तर म्हणजे माझ्याआधीचे मुख्य ट्रेडर. मला हे काम त्यांनीच शिकवलं. सर तेव्हा हसले होते. म्हणाले होते, ट्रेडरने घ्यावं, निवडू नये.

मी उठताना सर म्हणाले, "हे नीट पार पाड. मग दारावरच्या पाटीचं बघू." पाटीवर सध्या एकच नाव आहे. एकोणीस वर्षं मी त्या पाटीखालून आत जाते. मी तोंडावर काही दाखवलं नाही, पण बाहेर पडताना पाटीवर दुसरं नाव मावेल का ते बघून घेतलं.

मंगळवार, ४

भाव एकशे बेचाळीस. साडेतीन हजार मिळाले. समोर कुणीतरी विकणारा आहे. मोठा आहे, पण अंगचोर. एका वेळी कधी ३७०, कधी ४३०, कधी २९०. गोल आकडा म्हणून लावत नाही. मी दहा पैसे खाली सरकले की तो थांबतो. मी परत वर आले की दहा मिनिटांनी डोकं काढतो. घाई अजिबात नाही. असा माणूस समोर असला की मला काम करायला हुरूप येतो.

अकरा ते अकरा-वीस तो गायब होता. चहाला गेला असेल.

गुरुवार, ६

ते मास्तर आहेत.

आज पक्कं कळलं. अकराला गायब, अकरा-वीसला हजर. गोल आकडे नाहीत. ("गोल आकडा म्हणजे कपाळावर पाटी," असं म्हणायचे.) आणि एकदा मी मुद्दाम पन्नास पैशांनी खाली गेले, तर त्यांनी विक्री काढून तर घेतलीच, वर वीस शेअर घेतले. फक्त वीस. हे ते पूर्वीपासून करायचे, समोरचा जागा आहे का बघायला. माणसाचं अक्षर ओळखावं तसं मी ते ओळखलं. शेजारच्या टेबलावरच्या कुणाला काही कळलं नाही आणि मी एकटीच हसत बसले.

म्हणजे मास्तरांना नोकरी मिळाली. कुठल्यातरी मोठ्या फंडाने घेतलं असणार, सत्तर हजार, लाखभर शेअर विकायला हातात देणारी जागा म्हणजे लहान नव्हे. मला इतकं बरं वाटलं की जेवणाच्या सुट्टीत मी दोन वेळा कॉफी घेतली.

बरं का वाटलं तेही लिहून टाकते, इथे कोण वाचतंय? तीन वर्षांपूर्वी सरांनी मला विचारलं होतं, "मास्तरांचा हात मंदावलाय का?" मी म्हटलं, "थोडा." खोटं नव्हतं. पण मी जरा थांबून बोलले असते तर दुसरंही काही म्हणता आलं असतं. पंधरा दिवसांनी मास्तरांचा निरोपसमारंभ झाला आणि महिन्याने मी त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांनी खुर्चीची उंची माझ्यासाठी कमी करून ठेवली होती. त्यानंतर मी एकदाच त्यांच्या घरी गेले. काकूंनी हातात ताट दिलं आणि म्हणाल्या, "आता तरी घरी सहाला पोचत जा ग." मी परत गेले नाही.

तर आता ते तिकडे, मी इकडे. बरोबरी झाली. आता मनाला लावून घ्यायचं कारण नाही.

शुक्रवार, ७

नवऱ्याने विचारलं, "स्क्रीनवर कुणाशी भांडतेस?" त्याचं चष्म्याचं दुकान आहे, समोरचा माणूस दिसल्याशिवाय त्याचं कामच होत नाही. मी नाव न घेता एवढंच सांगितलं की एकजण रोज मला विकतोय आणि मी रोज घेतेय. तो म्हणाला, "रोज विकतो म्हणजे अडलेला असेल." मी म्हटलं, "अडलेला माणूस एकदम विकतो. हा निवांत आहे." त्याने चष्म्याची काडी पिरगाळली आणि म्हणाला, "अडलेले लोक माझ्याकडेही निवांतच येतात. फ्रेमची किंमत बघतात आणि म्हणतात, जुनीच नीट करून द्या."

त्याला बाजारातलं काही कळत नाही.

सोमवार, १०

एकोणीस हजार झाले. अजून एक लाख एकतीस हजार. या गतीने सत्तावीस काय, पुढचं वर्ष उजाडेल. दुर्बीण दर तासाला माझ्या पाठीमागे येऊन उभा राहतो. आज म्हणाला, "आकडे चांगले येणार आहेत. मी गोदामाबाहेरच्या गाड्या मोजून आलोय. एकदा जाहीर झालं की एकशे पंचेचाळीसला कुणी दारात उभं करणार नाही."

दुपारी खणातला फोन बघितला तर मास्तरांचा कॉल येऊन गेला होता. बाजार चालू असताना आम्ही खासगी फोन खणात ठेवतो, तो नियम मास्तरांच्याच काळातला. बाजार बंद झाल्यावर मी नाव बघत बसले. फोन केला नाही. एकाच शेअरमध्ये समोरासमोर उभ्या असलेल्या दोघांनी आपसांत बोलणं म्हणजे दोघांची नोकरी गेलीच, वर चौकशी. हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मग कशाला केला? मला चिडवायला केला असेल. "ओळखलंस का?" असं विचारायला. ओळखलं म्हणून सांगायचा मोह मलाही झाला.

उद्यापासून मी बाजूला होणार. सगळ्या ऑर्डर काढून घेणार. या शेअरला खरा घेणारा एकटी मीच आहे, मी नसले की त्यांना खाली यावंच लागेल. तेच म्हणायचे, "घ्यायचं असेल तेव्हा नको म्हणायला शीक." मी शिकले आहे.

मंगळवार, ११

दिवसभर हात बांधून बसले. खुर्चीवर बसून काहीही न करणं हे या धंद्यातलं सर्वांत दमवणारं काम आहे. मास्तरांनी सकाळी ४१० लावले, कुणी घेतले नाहीत. बाराला पन्नास पैसे खाली आले. दीडला आणखी खाली. बंद भाव एकशे चौतीस. वीस शेअर घेऊन दोनदा चाचपणी केली त्यांनी. मी हलले नाही.

बुधवार, १२

एकशे सत्तावीस. बारीकसारीक लोकही घाबरून विकायला लागले. दुर्बीणचा चेहरा पांढरा. "आता घ्या ना," म्हणाला. मी म्हटलं, "तुला कंपनी कळते. मला माणूस कळतो. अजून दोन दिवस." जरा जास्तच ऐटीत म्हटलं असेल, कारण तो पाठ फिरवून जागेवर गेला.

जेवण गेलं नाही. समजा मास्तर थांबलेच, विकायचं बंदच केलं, तर? मी एक लाख तीस हजारांनी उपाशी राहीन आणि सर पाटीवर दुर्बीणचं नाव घालतील. मास्तर माझ्याहून चिवट आहेत. होते तरी.

गुरुवार, १३

तुटले. दोन वाजून दहा मिनिटांनी मास्तरांनी एकदम २,००० लावले, एकशे अठराला. गोल आकडा. मी स्क्रीनवर बोट ठेवून शून्यं मोजली. त्यांच्या हातून गोल आकडा मी आयुष्यात बघितला नव्हता. मी ते घेतले, आणि पाठोपाठ बाकीच्या घाबरटांचे नऊ हजार घेतले, आणि परत सगळं काढून घेतलं.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण ते दोन हजार बघून कसंतरी वाटलं. कुणी शहाणासुरता माणूस भर रस्त्यात पळताना दिसावा तसं. त्यांचा वरिष्ठ मागे लागला असेल. मोठ्या फंडांत असंच असतं, वरून फोन आला की विका.

सोमवार, १७

मास्तरांचे दोन कॉल. एक अकराला, एक बाजार बंद झाल्यावर. दुसऱ्या वेळी फोन माझ्या हातातच होता. वाजू दिला. हातात फोन वाजत असताना माणूस किती वेळ उभा राहू शकतो हे मला आज कळलं.

जिन्यात हिशेबनीस भेटले. आमच्याकडचे सर्वांत जुने, मास्तरांचे दोस्त. म्हणाले, "मास्तरांकडे गेला होतात का इतक्यात?" मी म्हटलं, "नाही हो, या महिन्यात मरायला वेळ नाही." ते म्हणाले, "काकूंचं पाठीचं दुखणं वाढलंय. झोपूनच असतात." मी म्हटलं, "अरेरे. माझा नमस्कार सांगा." ते एक पायरी उतरले, थांबले, काहीतरी म्हणणार होते. पण मला खाली जायचं होतं.

भाव एकशे बारा. अडुसष्ट हजार झाले.

बुधवार, १९

एकशे चार. ब्याण्णव हजार. मास्तर आता चहाला जात नाहीत, अकरालाही विकत असतात. मी हजार घेते, नाहीशी होते, ते आणखी खाली येतात, मी परत हजार घेते. इतकं सोपं आहे की मला भीती वाटते.

सर आज स्वतः माझ्या टेबलापाशी आले. वर्षातून दोनदा येतात. सरासरी भाव बघितला आणि म्हणाले, "मी एकशे पंचेचाळीस द्यायला तयार होतो." मग माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवून गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. दुर्बीणने घशातून आवाज काढला, पण त्यालाही कौतुकच वाटत होतं.

घरी नवरा म्हणाला, "आज चेहरा उजळलाय. तुझा निवांत माणूस कसा आहे?" मी म्हटलं, "पळायला लागलाय." तो हसला नाही.

शुक्रवार, २१

दिवसभर मास्तर नाहीत. एक शेअरसुद्धा आला नाही. मी शंभराला ऑर्डर लावून बघितली, मग एकशे दोन. चिडीचूप. मला अजून एकतीस हजार हवेत आणि हातात चार दिवस. त्यांना कळलं असेल का आकड्यांचं? कुणी सांगितलं असेल? की त्यांनी बाजूला होऊन माझीच विद्या मला दाखवायची ठरवली आहे? सहा तासांत मी स्क्रीनवरची नजर काढली नाही. पाठ धरली.

संध्याकाळी मनात आलं, आजारी तर नसतील. लगेच दुसरं मनात आलं की आजारी असले तर त्यांच्याजागी दुसरा कुणी विकायला बसला असता, एवढ्या मोठ्या फंडात माणसांना काय तोटा? तरी दुसरा बसला नाही. याचा अर्थ मला लागला नाही.

सोमवार, २४

हे सगळं जसं झालं तसं लिहिते.

सकाळी भाव शहाण्णव. मास्तर परत आले होते. मी सात हजार घेतले. उरलेल्या चोवीस हजारांसाठी शहाण्णवलाच ऑर्डर लावून जेवणाच्या सुट्टीत चहाच्या यंत्रापाशी गेले. हिशेबनीस तिथे पेला धरून उभे होते, पेला रिकामा होता.

म्हणाले, "शुक्रवारी मास्तरांबरोबर काकूंना रुग्णालयात नेलं. काकूंचा डावा पाय गेल्यातच जमा आहे. मणक्यात गाठ आहे. चौदा तारखेला ऑपरेशन ठरलं होतं, पण परदेशातून मागवायचे भाग आणि आधीची थकलेली बिलं धरून सगळी रक्कम आधी भरा म्हणतात."

मी म्हटलं, "मास्तरांना नोकरी आहे ना आता? त्यांचे लोक देतील की."

"कसली नोकरी? तीन वर्षं घरी बसून आहेत. त्यांना ठेवतंय कोण या वयात?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांचे ते सुयांचे शेअर होते ना, दहा वर्षांपूर्वी स्वतःसाठी घेतलेले. सरांची रीतसर परवानगी काढली होती, मीच कागद केला होता. सत्तर हजार. आयुष्याची पुंजी म्हणजे तेवढीच. महिन्याच्या सुरुवातीला पन्नास हजार विकले असते तरी भागलं असतं. आता सगळेच जाणार. मास्तर म्हणतात, समोर कुणीतरी बसलंय, मी आलो की नाहीसं होतं. रोज भाव उतरतोय."

मी विचारलं, "किती राहिलेत?"

"वीस-बावीस हजार. उद्या काढणारच म्हणत होते. मंगळवारी विकले गेले तरच शुक्रवारच्या ऑपरेशनला पैसे हातात येतात."

माझ्या हातातला पेला पडला नाही की काही नाही. मी चहा घेतला, साखर घालून ढवळला आणि प्यायले. मग जागेवर येऊन बसले. स्क्रीनवर माझी ऑर्डर दिसत होती. शहाण्णव, चोवीस हजार.

काय करता येईल? मी स्वतःच्या पैशाने त्यांच्याकडून घेऊ शकत नाही, ऑफिसची खरेदी चालू असताना तो गुन्हा आहे. त्यांना फोन करून "तीन दिवस थांबा, भाव चढणार आहे" असं सांगू शकत नाही, तोही गुन्हा. शिवाय थांबायला त्यांच्याकडे तीन दिवस नाहीत. भाव वाढवू शकते. मर्यादा एकशे पंचेचाळीसची आहे. पण पैसे माझे नाहीत, लोकांचे आहेत, आणि शहाण्णवला मिळणारी वस्तू एकशे चाळीसला घेतली तर का घेतली ते लिहून द्यावं लागतं. काय लिहू? मला त्यांच्यापुढे लाज वाटते म्हणून?

एक रस्ता सरळ आहे. समोरचा विकणारा ओळखीचा आहे हे कळलं की वरिष्ठांना सांगायचं, असा नियमच आहे. खरं तर तो सहा तारखेपासून मला लागू होता. सर आज बाहेरगावी आहेत. उद्या अकराला येतील. आधी त्यांना सगळं सांगते, मग त्यांच्या परवानगीने भाव वर नेते. तोपर्यंत ऑर्डरला हात लावत नाही. न सांगता बदलली तर तेही चूकच होईल.

मंगळवार, २५

सर अकरा वाजून पाच मिनिटांनी आले. मी दारातच उभी होते. आत जाऊन उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सहा तारखेपासूनचं, तीन वर्षांपूर्वीच्या "थोडा"सकट. मी म्हटलं, "मला बाकीचे एकशे तीसला घेऊ द्या. मर्यादेत आहे. आकडे आले की स्वस्तच ठरेल."

सरांनी टेबलावरची स्क्रीन माझ्याकडे वळवली. "कुठले बाकीचे?"

ऑर्डर पूर्ण झाली होती. दहा चाळीसला एकवीस हजार पाचशे, एकाच फटक्यात, शहाण्णवला. उरलेले किरकोळ लोकांचे. दीड लाख पूर्ण. मी दारात सरांची वाट बघत होते तेव्हा ते झालं होतं.

मी खाली बसले. सरांनी स्क्रीन परत स्वतःकडे वळवली. मग म्हणाले, "आपल्याला स्वस्त मिळतं ते कुणालातरी विकावंच लागतं म्हणून. तीस वर्षं आपण हेच करतोय. मला वाटलं तुला ठाऊक आहे."

मी म्हटलं, "ठाऊक होतं. ओळखीचं कुणी नव्हतं."

त्यांनी मला लेखी निवेदन द्यायला सांगितलं. दिलं. त्यांनी ते वाचून फायलीत ठेवलं. दुपारी ते न जेवता बसून होते, हे मी काचेतून पाहिलं. बाहेर दुर्बीणने पेढीभर बातमी केली होती. लोक टाळ्या वाजवत होते. मी हात जोडले, दुसरं काय करणार?

गुरुवार, २७

आकडे आले. दुर्बीण म्हणाला होता त्याहून चांगले. शेअर एकशे चौऱ्याहत्तरवर बंद झाला.

पाटीचं माप घ्यायला माणूस येऊन गेला. मी सरांना सांगितलं, इतक्यात नको. ते म्हणाले, "किती दिवस?"

रविवार, ३०

आज रुग्णालयात गेले. नवरा सोबत येतो म्हणाला, मी नको म्हटलं. मग त्याने खाली गाडीत बसून राहीन म्हटलं, आणि बसला.

मास्तर दाराबाहेरच्या बाकावर होते. किती वाळले आहेत. मला बघून उठले आणि म्हणाले, "ये. झोपलीय, उठेल आता." मी रात्रभर एक वाक्य तयार केलं होतं, ते त्यांनी पुरं होऊ दिलं नाही. "मला माहीत होतं तू आहेस. पहिल्याच आठवड्यात ओळखलं. तू पन्नास पैशांनी खाली गेलीस ना, तेव्हा."

"मास्तर, फोन..."

"फोन नाही घेतलास ते बरोबर केलंस. मीच करायला नको होता. म्हणणार होतो, सगळे एकदम घे एकशे पस्तीसला, सोडव मला. पण हे बोललो असतो तर तू गोत्यात आली असतीस." मग म्हणाले, "काम चांगलं केलंस. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं."

मला ओरडले असते तर मी ते सोसलं असतं. मी भिंतीकडे तोंड करून रडले. मास्तरांनी रुमाल दिला आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

आतून काकूंनी हाक मारली. त्या उताण्या होत्या, मानेखाली पातळ उशी. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "आलीस? मी यांना म्हणत होते, तिला कुणी सांगितलं नाही वाटतं." माझा हात हातात घेतला. उजवा पाय हलवून दाखवला. डाव्याचा अंगठा हलत नाही. डॉक्टर म्हणाले आहेत, दोन आठवडे आधी झालं असतं तर खात्रीने सांगितलं असतं, आता बघू. हे त्यांनी दूधवाला उशिरा आला असं सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "पण शेअर विकले गेले बाई एकदाचे. ज्याने कुणी घेतले त्याचं भलं होवो. नाहीतर हे शुक्रवारीही झालं नसतं."

मास्तर खिडकीचा पडदा सारखा करत होते. माझ्याकडे वळून त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

मी म्हटलं, "काकू, मीच घेतले. माझ्या ऑफिसने. पहिल्या दिवसापासून मीच घेत होते."

काकूंनी हात सोडला नाही. त्यांना आधी वाटलं मी मदत केली. "तू घेतलेस? मग हे बरंच झालं की. घरातल्या घरात." मग कपाळाला आठी पडली. "पण तुला हवे होते ना?"

"हो."

"आणि यांना द्यायचे होते."

"हो."

"मग महिना का लागला ग?"

मी सांगायचा प्रयत्न केला. भाव खाली यावा म्हणून मी बाजूला झाले, मी घेतले असते तर भाव टिकला असता, ते माझं कामच आहे. ऐकताना काकू छताकडे बघत होत्या. मास्तर मध्येच म्हणाले, "तिची एकटीची चूक नाही. मलाही पहिल्या आठवड्यात दोन-चार रुपये सोडून सगळे टाकता आले असते. वाटलं, इतकी वर्षं सांभाळले ते घाईने कसे टाकायचे? ती परत येईल, तेव्हा देऊ. ती येतेच, मी शिकवलंय तिला. म्हणून मीही थांबलो."

बाहेर एक ढकलगाडी गेली.

"म्हणजे तू यांच्यासाठी थांबली होतीस आणि हे तुझ्यासाठी," काकू म्हणाल्या. रागाने नाही, समजून घ्यायचं असावं तसं. "आणि मी इथे उताणी पडून होते. कशाची वाट बघत होतात तुम्ही दोघं?"

मास्तर माझ्याकडे बघायला लागले. उत्तर मी देईन असं त्यांना वाटलं असावं.